अठराव्या प्रकरणानंतर

आधी एक सांगून टाकतो:
जो वाचणारा बायकांची वाक्यं नाकातून, बारीक आवाजात काढतो
त्याला मी पहिल्या वळणाआत बंद करतो.
बाई बोलते आहे हे मला कळतं.
माझी आई बंदरावर मासे कापायची,
तिच्या एका हाकेत बोटी वळायच्या.

रडण्याच्या जागी रडणारेही नकोत.
तो रडला की माझ्या वाटचं संपतं.

आणि प्रकरणांच्या मधली ती पियानोची टिंगटिंग,
ती कुणी मागितली होती?

मी बर्फ काढतो. स्कार्सवोगचा रस्ता,
नोव्हेंबर ते एप्रिल, रात्रपाळी.
पुढे लोखंडी पातं, टपावर पिवळा दिवा, कानात पुस्तक.
एका हिवाळ्यात एकोणीस होतात, कधी वीस.
डोळ्यांनी दोन झाली असती,
तीही अंथरुणात, नाकावर आपटत.

दिवसपाळीची ओड्नी म्हणते, हे काही वाचन नव्हे.
नसेल.
पण मला त्या कादंबरीतलं गोठ्याचं दार आठवतं,
आणि ते कुठे उघडलं तेही:
दुसऱ्या पुलापाशी, उजवीकडे,
जिथे रेनडिअर वाऱ्याकडे पाठ करून उभे होते.

असो. हरदासाची कथा मूळपदावर.
एइलिफ टांगेन. माझा माणूस.
घोगरा, शब्दांच्या बाबतीत कंजूष.
स्वल्पविरामाला भीक घालत नसे,
पूर्णविरामाला मात्र असा थांबे
की मला काचेवरचा वायपर ऐकू यायचा.
एकदा वाचता वाचता त्याच्या पोटात गुरगुरलं.
कुणी ते कापलं नाही.
मी तीनदा मागे जाऊन ऐकलं:
माणूस उपाशीपोटी बसून मला वाचून दाखवत होता.

गेल्या फेब्रुवारीत एक एकतीस तासांचं पुस्तक.
अठरावं प्रकरण संपलं.
गुन्वोर धक्क्यावर उभी, होडी दिसत नाही,
माझा जीव टांगणीला
आणि एकोणिसावं सुरू झालं दुसऱ्याच आवाजात.
तरुण. स्वच्छ. नुकताच दात घासून आलेला.
गुन्वोरमधला र त्याने गिळला.
ना सूचना, ना माफी.
जेवताना समोरचा माणूस बदलावा
आणि वाटीतलं कालवण तेच असावं, तसं.

बंद केलं. उरलेली रात्र नुसतं इंजिन.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं,
एइलिफ ऑक्टोबरातच गेला. फुफ्फुसं.
मग अठरावं पुन्हा लावलं.
आता ऐकू आलं: दर पानाला एक श्वास जास्त.
मी त्याला शैली समजत होतो.

दुसऱ्या रात्री वादळ. अडसर खाली.
माझ्या मागून डोंगर ओलांडायला सात गाड्या.
प्रत्येक काचेपाशी जाऊन तेच सांगायचं असतं:
पुढच्याचा लाल दिवा सोडू नका.
थांबलात तर उतरू नका.
मी येईन मागे.
सात वेळा, टोपीत बर्फ साचवत.
शेवटच्या गाडीतली बाई म्हणाली,
"तुम्ही किती कंटाळून सांगता.
बरं वाटलं. म्हणजे भिण्यासारखं काही नसणार."
मागच्या सीटवर पोर झोपलेलं.
मी मान हलवली.
बोललो असतो तर आवाज फुटला असता.
दोन हात पुढचं दिसत नव्हतं.

सातही गाड्या उतरल्यावर,
पलीकडच्या अडसरापाशी, हातमोजे हीटरवर टाकून,
मी एकोणिसावं लावलं.
गुन्वोर अजून तिथेच होती.

पोरगा वाईट नाही. घाई आहे जरा.
र अजून गिळतो.
पण पहिल्या वाक्याआधी, प्रकरणाचा आकडा सांगून झाल्यावर,
तो थांबतो.
दीड सेकंद. मी मोजलंय.
त्याला माहीत असणार तो कुणाच्या खुर्चीत बसलाय.

पियानो मात्र अजून आहे.